छतावर न उतरणारी कबुतरे

दमलेल्याला बसू द्यायचे नाही, आणि तो तसाच उडत राहिला की त्याच्या जिद्दीचे गोडवे गायचे, ही क्रूर सवय आपल्यात मुरली आहे. घरात, शाळेत, कचेरीत लोक ती बिनदिक्कत चालवतात आणि वर तिला शिस्त म्हणतात.

एकदा एक तरुण एका वृद्ध उस्तादांकडे कबुतरे उडवण्याची विद्या शिकत होता. दिवसभर आभाळात राहणारी पाखरे त्या उस्तादांच्या छतावर पिढ्यान्‌पिढ्या निपजत आली होती. त्यातली तीन पिल्ले त्यांनी शागिर्दाला दिली. शागिर्दाने ती आपल्या छतावर वाढवली. एखादे लवकर खाली येऊ लागले, की तो लांब काठीला बांधलेले काळे फडके फिरवी. पाखरू दचकून पुन्हा वर चढे.

"फडकं जरा कमी कर," उस्ताद म्हणत. "आधी त्यांना घर गोड लागू दे."

"तोवर शर्यत होऊन जाईल, उस्ताद!" शागीर्द हसून म्हणे.

शर्यतीच्या दिवशी सूर्योदयाला गावातली सगळी कबुतरे सुटली; ज्याची पाखरे सर्वांत जास्त वेळ वर राहतील, तो जिंकणार होता. संध्याकाळी आभाळात उरली ती शागिर्दाचीच. त्याचा आनंद मावेना. आता एवढेच राहिले होते, की अंधारापूर्वी तिन्ही पाखरांनी स्वतःच्या छतावर उतरायचे. नाहीतर सारे उड्डाण बाद. शिवाय अंधारात चुकलेले पाखरू क्वचितच परतते.

शागिर्दाने दाणे उधळले, "आऽ आऽ" करून साद घातली. पाखरे छतापर्यंत येत, घिरट्या घालत आणि पुन्हा वर जात. त्यांचे पंख जड पडू लागले होते. एक तर विजेच्या तारेवर आदळता आदळता वाचले.

"तू खाली जा," छतावर शेजारी उभे असलेले उस्ताद म्हणाले.

"मी? अहो, माझी पाखरं आहेत ती!"

"म्हणूनच सांगतोय. गल्लीत जाऊन उभा राहा."

अपमानाने लाल होऊन तो जिना उतरला. गल्लीत पोहोचून त्याने वर पाहिले, तेव्हा एकामागून एक तिन्ही पाखरे छतावर उतरत होती.

पंचांनी विजेता म्हणून त्याचे नाव पुकारले. त्याला ते धड ऐकूही आले नाही.

उस्ताद खाली आले. "ती केव्हाचीच दमली होती रे. त्यांना दाणा दिसत होता, पाणी दिसत होतं, आणि मध्ये तू उभा होतास. दुपारनंतर ती ताकदीवर उडत नव्हती, तुला भिऊन उडत होती. माझी पाखरं निर्धास्त वर राहतात. केव्हाही उतरलं तरी चालेल, हे त्यांना ठाऊक असतं."

दुसऱ्या दिवसापासून शागीर्द सकाळी छतावर नुसता बसून राहू लागला, तळहातावर दाणे घेऊन, थोडे आजूबाजूला पसरून. पाखरे लांब कठड्यावर अंग चोरून बसत. तो उठून गेला, की मगच खात. असे कितीतरी दिवस गेले. वाट पाहणे त्याच्या स्वभावात नव्हते. तरीही तो बसे.

एका सकाळी शेजारच्या गच्चीवर कुरडया वाळत घालणारी बाई एकदम थांबली आणि दबक्या आवाजात म्हणाली, "हलू नकोस रे. तुझ्या पाठीमागे एक पाखरू दाणे टिपतंय."