आधी रिकामं जू

फार जुनी गोष्ट. किती जुनी म्हणाल, तर बैल माणसांशी बोलत आणि माणसं ते ऐकूनही घेत, त्या काळातली.

डोंगराच्या पायथ्याशी एक गाव होतं आणि त्या गावाला चकतीचं भारी वेड होतं. चकती म्हणजे हलक्या लाकडाची, भाकरीएवढी गोल, कडेला पातळ तासलेली फळी. गावाबाहेर माळावर नऊ झाडं होती आणि प्रत्येक झाडाला एकेक टोपली टांगलेली. दगडावर उभं राहून चकती भिरकवायची, ती पडेल तिथून उचलून पुन्हा फेकायची आणि टोपलीत घालायची. नऊ टोपल्यांना मिळून ज्याच्या फेकी सगळ्यांत कमी, तो जिंकला. दर वर्षी पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी सगळा गाव या खेळासाठी माळावर लोटायचा.

त्या गावात तुळाजी राहायचा. वय सत्तेचाळीस. गोऱ्ह्यांना, म्हणजे तरण्या बैलांना, जू घ्यायला शिकवणं हे त्याचं काम. त्याच्या हाताखालून गेलेला गोऱ्हा लोक डोळे झाकून न्यायचे. त्याच्या गोठ्यात चांद्या नावाचा म्हातारा बैल होता, कपाळावर पांढरा चांद असलेला. नवा गोऱ्हा आला की त्याच्या जोडीला चांद्या उभा राहायचा, असं वीस वर्षं चाललं होतं. आता चांद्याचे दात झिजले होते आणि कडबा चाववत नव्हता. हा त्याचा शेवटचा पोळा, हे तुळाजीला ठाऊक होतं. पण तो ते कुणाजवळ बोलत नसे.

श्रावण लागला तसा त्याचा मेहुणा हैबती बहिणीला भेटायला आला. तिशीतला गडी, अंगाने वेताच्या काठीसारखा, आणि दोन वर्षं चकतीत पहिला आलेला.

"काय दाजी, यंदा येणार ना माळावर? चकत्या वेचून द्यायला माणूस लागतंच."

"गप रे, जिभेला हाड म्हणून नाही तुझ्या," तुळाजीची बायको कोंडाई भावावर डाफरली. पण तुळाजीला ते झोंबलं.

"वेचायला तू ये," तो म्हणाला. "मी फेकायला येतो."

बोलून बसला खरा, पण जन्मात त्याने चकती हातात धरली नव्हती. दुसऱ्या दिवशी तो माळावर गेला आणि पहिल्याच दिवशी ऐंशी फेकी केल्या. पाय रोवलेले, कंबर ताठ, दातओठ खाऊन सगळा जोर एका उजव्या खांद्यातून. चकती जायची बाभळीत आणि हा म्हणायचा, अजून जोर पाहिजे.

सकाळी मुंडासं बांधायला हात वर जाईना.

"आज डोकं उघडंच?" कोंडाईने विचारलं.

"जरा वारा लागावा म्हटलं."

"आणि तांब्या डाव्या हाताने?"

"सहज."

"सहज म्हणे! बैलाचा सुजून येतो तसा तुमचा खांदा आलाय, दुसरं काय?"

मग काय, उपायांना ऊत आला. कुणी निर्गुडीचा पाला बांधायला सांगितला, कुणी तिळाचं तेल. एक म्हातारी दृष्ट काढून गेली. कोंडाई रोज मिठाच्या पुरचुंडीने शेकायची. दोन दिवसांनी जरा बरं वाटलं की तुळाजी पुन्हा माळावर, आणि या वेळी शंभर फेकी. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, दुसरं काय म्हणायचं? शेक खांद्याला मिळत होता आणि चूक फेकण्यात होती.

असे पंधरा-वीस दिवस गेले. एका सकाळी शेजारच्या गावचा एक जण गोऱ्हा घेऊन दारात आला. गोऱ्ह्याचा खांदा टरटरून सुजला होता. तुळाजीने नुसता हात लावला, तर ते जनावर थरथरलं.

"कधी जुंपलात?"

"परवा पहिल्यांदा. नांगराला. दिवसभर चांगला चालला की!"

तुळाजीचा पारा चढला. "अहो, काळीज आहे की दगड? पहिल्या दिवशी नांगर? आधी नुसतं दावं धरून फिरवायचं. मग मानेवर रिकामं जू, काही न जोडता. ते अंगवळणी पडलं की हलका ओंडका. मग नांगराचं एक तास, फक्त एक. जुंपण्याआधी शिवारात फेरी मारून अंग मोकळं करायचं. आणि खांदा जरा गरम लागला की त्या दिवशी सुट्टी. जोर आहे म्हणून जनावर ओढतं, पण खांदा तयार व्हायला दिवस लागतात. एवढंही कळत नाही?"

एवढं बोलून त्याने गोऱ्ह्याला गोठ्यात न्यायची खूण करायला उजवा हात उचलला आणि "आई गं!" म्हणून मटकन खाली बसला.

तो माणूस गोऱ्हा बांधून, मान खाली घालून निघून गेला. चांद्या रवंथ करत हे सगळं पाहत होता.

"मालक," चांद्या म्हणाला, "त्या गोऱ्ह्याचा मालक मूर्ख खरा. पण तुमचा मालक कोण?"

तुळाजी खांदा चोळत उठला.

"आणि एक सांगा. मी गाडी कशाने ओढतो?"

"खांद्याने."

"वीस वर्षं माझ्यामागे चाललात आणि एवढंच पाहिलंत? मी ओढतो मागच्या पायांनी. पायांचा जोर कमरेत येतो, कमरेचा पाठीत. खांदा नुसता निरोप पोचवतो. तुम्ही निरोप्यालाच नांगर ओढायला लावलाय."

तुळाजीने चांद्याच्या मागच्या पायांकडे पाहिलं.

"आठ दिवस त्या हाताला विसावा द्या," चांद्या म्हणाला. "नवव्या दिवशी खांदेमळणी आहे. तो हात मला लागणार आहे."

पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलांचे खांदे गरम पाण्याने शेकून हळद-लोण्याने मळतात, ती ही खांदेमळणी. ज्या हाताने जू ठेवलं, त्याच हाताने लोणी लावायचं, अशी त्या गावची रीत होती. चांद्याच्या मानेवर जू ठेवणारा हात तुळाजीचा होता, उजवा. आणि ही खांदेमळणी शेवटची होती.

तुळाजीला सगळं पटलं. पण पटणं वेगळं आणि वळणं वेगळं. दोन दिवस तो घरी बसला. तिसऱ्या दिवशी नुसतं बघायला म्हणून माळावर गेला. हैबती तिथे होताच.

"दाजी, हात दुखतोय म्हणे?"

"कोण म्हणतो?"

त्याने समोरची चकती उचलली आणि होता नव्हता तेवढा जोर लावला. खांद्यात कट्ट झालं. चकती दहा पावलांवर पडली आणि हात लुळा होऊन खाली आला. या वेळी हैबतीही हसला नाही.

खांदेमळणीचा दिवस आला. कोंडाईने पाणी तापवलं, वाटीत लोणी-हळद कालवली. चांद्या अंगणात येऊन उभा राहिला, मान पुढे करून. तुळाजीने बोटांवर लोणी घेतलं. हात कमरेपर्यंत आला आणि तिथेच थांबला. पुन्हा उचलला, पुन्हा थांबला. बैलाची मान छातीइतक्या उंचीवर होती आणि हात तिथे पोचत नव्हता.

"द्या इकडे, मी लावते," कोंडाई हळूच म्हणाली. "हात कुणाचा, त्याला काय कळतंय?"

"त्याला सगळं कळतं," तुळाजी म्हणाला. "कळत नव्हतं ते मला." आणि तो सत्तेचाळीस वर्षांचा माणूस भर अंगणात रडायला लागला.

तेव्हा चांद्याने पुढचे गुडघे मोडले, मग मागचे, आणि तो जमिनीवर बसला. तुळाजीही त्याच्याजवळ बसला. आता हात पोचत होता. त्याने उजव्या हाताने दोन्ही खांदे मळले, सावकाश, सगळं लोणी संपेपर्यंत.

"माझं चुकलं रे," तो म्हणाला.

"चुकलंच," चांद्या म्हणाला. "आता उठताना माझे गुडघे दुखणार."

मग रीतीप्रमाणे तुळाजीने त्याच्या कानाशी तोंड नेलं आणि म्हटलं, "आज आवतण घ्या, उद्या जेवायला या."

पोळा झाला. दुसऱ्या दिवशी हैबती पुन्हा पहिला आला. तुळाजी हात गळ्यात बांधून माळावर होता, आणि डाव्या हाताने त्याने सगळ्यांच्या चकत्या वेचून दिल्या.

थंडी सरता सरता चांद्या गेला.

तोवर तुळाजीचा हात पुरता बरा झाला होता. चांद्याला जाऊन महिना झाल्यावर तो माळावर गेला, तो रिकाम्या हाताने. माळाला एक फेरी मारली, हात नुसता झुलवला आणि घरी आला. पंधरा दिवस असंच. लोक हसले. मग पाच फेकी, अर्ध्या जोराने. आधी पाय वळवायचा, मग कंबर, आणि खांदा अगदी शेवटी, निरोप्यासारखा. मग दहा फेकी. जरा गरम लागलं की त्या दिवशी सुट्टी. गंमत अशी की जोर कमी झाला आणि चकती लांब जायला लागली.

पुढच्या खांदेमळणीला कोंडाईने सवयीने वाटीभर लोणी-हळद कालवली आणि मग तिच्या लक्षात आलं की चांद्याचा खुंटा रिकामा आहे. ती वाटी घेऊन तशीच उभी राहिली. तुळाजीने ती तिच्या हातातून घेतली, खुंट्याजवळ बसला आणि ते लोणी आपल्याच उजव्या खांद्याला मळू लागला.

"आज आवतण घे," तो खांद्याला म्हणाला, "परवा खेळायला ये."

तिसऱ्या दिवशी तो खेळला आणि पाचवा आला. पहिला हैबतीच. पण त्या संध्याकाळी तुळाजीने दोन्ही हात वर करून स्वतःचं मुंडासं स्वतः बांधलं, आणि कोंडाई दारातून बघत राहिली.

नव्या छंदाला जुनं अंग जुंपायचं असेल, तर आधी त्यावर रिकामं जू ठेवावं.