चिमाक्काचं निशाण

फार जुनी गोष्ट. एक चिमुकला देश शेजारच्या राजाच्या तावडीतून नुकताच सुटला होता. देशात मुलूख तीनच: डोंगर, माळ आणि नदीकाठ. गढीवरून परक्याचं निशाण उतरलं, पण चढवायला आपलं निशाण कुठे होतं? ते शिवायचं काम नदीकाठच्या चिमाक्का शिंपिणीकडे आलं.

डोंगराचा रंग पळसफुलांचा केशरी, माळाचा हळदीचा पिवळा, नदीकाठचा निळीचा निळा. तिन्ही रंग घ्यायचे, यावर सगळे लगेच राजी झाले. वर कुठला, यावर मात्र हमरीतुमरी सुरू झाली. डोंगरातले म्हणाले, आम्ही उंचावर राहतो. माळावरचे म्हणाले, लढाईत तुम्ही भाकरी आमच्याच खाल्ल्या. नदीकाठचा पाटील तर थेट चिमाक्काच्या ओट्यावर येऊन बसला.

"अक्का, तू आपल्या गावची. निळा वर लाव. एकदा निशाण चढलं की कोण काय बोलणार?"

चिमाक्का पेचात पडली. निळा तिचाही लाडका होता. पण दोन मुलूख रुसून निघून गेले, तर निशाण फडकणार कुणासाठी? दोन दिवस तिने सुईत दोरासुद्धा ओवला नाही. तिसऱ्या दिवशी तिने तिन्हीकडे निरोप धाडला: शिवते मी, पण कापड रंगवायचं तुम्ही, आणि तेही आपला रंग सोडून. नदीकाठच्यांनी केशरी करावं, डोंगरातल्यांनी पिवळं, माळावरच्यांनी निळं.

कुरकुरत का होईना, माणसं रंग करायला एकमेकांच्या मुलखात निघाली. डोंगर चढताना नदीकाठच्यांना धाप लागली, तेव्हा तिथल्या बायकांनी त्यांना नाचणीची आंबील पाजली आणि फुलं किती उकळायची तेही दाखवलं. डोंगरातले माळावर हळद कुटायला बसले, ते शिंकून शिंकून बेजार झाले. माळावरच्यांचे हात कोपरापर्यंत निळे झालेले पाहून नदीकाठची पोरं हसता हसता वाळूत लोळली.

ठरल्या दिवशी गढीवर तीन कापडं चिमाक्कापुढे आली आणि पुन्हा भांडण जुंपलं. नदीकाठचा पाटील केशरी कापड छातीशी धरून म्हणाला, "हेच वर पाहिजे. आठ दिवस घाम गाळलाय यासाठी."

डोंगरातले पिवळ्यासाठी अडून बसले, माळावरचे निळ्यासाठी. बोलता बोलता आपण कुणाच्या रंगासाठी भांडतोय ते सगळ्यांच्या ध्यानात आलं, आणि गढी हसण्याने दुमदुमली.

चिमाक्काने तिन्ही पट्टे उभे, शेजारी-शेजारी जोडले. वर कुणी नाही, खाली कुणी नाही. निशाण चढलं, वाऱ्याने भरलं. आता निशाणापुढे प्रतिज्ञा काय म्हणायची, म्हणून सगळे तिच्याकडे पाहू लागले. तिला आपल्या कामातलंच सुचलं.

"तुमच्या रंगाला आमचा हात लागलाय. तो पट्टा कुठे उसवला, तर टाका आम्ही घालू."

तिन्ही मुलखांतली माणसं एकमेकांकडे तोंड करून तेच म्हणाली. आजही त्या देशातली मुलं प्रतिज्ञा म्हणताना आधी शेजारच्याकडे वळतात, मग निशाणाकडे.

तात्पर्य एवढंच: दुसऱ्याच्या रंगाने आपले हात रंगले, की सगळा देश आपला वाटू लागतो.