हेमकळा राणीचा रांजण

एका राज्यात सोन्याचा एक रांजण होता, आणि त्या रांजणापायी चांगली धडधाकट माणसे पक्षी होत होती.

रांजण हेमकळा राणीचा. मरताना राणी म्हणाली, "हे सोने गावोगावच्या मंडळींचे. जे विहिरी खोदतात, बियाणे राखतात, पुरातून माणसे काढतात, त्यांचे. आणि ज्या पोरापोरींना काही मोठे शिकायचे आहे, त्यांचे. मागतील त्यांना द्या. रांजण आटणार नाही." राणी गेली. मागोमाग तिचा मुलगा गेला. नातू जयधर अजाण वयात गादीवर बसला, आणि रांजण पडला वक्रनाथ मांत्रिकाच्या हाती.

वक्रनाथाने स्वतःला दानाध्यक्ष म्हणवून घेतले. रांजणापुढे उंच चौथरा बांधला, वर सिंहासन मांडले, आणि त्यावर जो बसला तो पुन्हा उठलाच नाही. अंगणात पिंजरे टांगले होते. पिंजऱ्यांत साळुंक्या होत्या. दिवसभर त्या ओरडत, "दानाध्यक्ष थोर! दानाध्यक्ष उदार!" राजा जयधर सज्जातून ऐके आणि सुखावे. केवढे दान होते आहे माझ्या राज्यात!

दान कवडीचेही होत नव्हते.

राज्याच्या टोकाला घोंगावती नदी होती, काठी आंबेवण गाव. वैद्य पलीकडे, बाजार पलीकडे, आणि पूल नाही. गावात एक तारू मंडळी होती. पाणी चढले की ही माणसे कमरेला दोर बांधून नदीत उतरत आणि वाहून जाणाऱ्याला काठाला लावत. पारूमावशी त्यांची म्होरकी. लहानग्या सगुणाला एका पुरात तिनेच पाण्यातून ओढून काढले होते. आईबाप हाती लागले नाहीत. पोर लागली, ती मावशीने वाढवली.

सगुणा मोठी झाली, मंडळीबरोबर पाण्यात उतरू लागली. एके दिवशी म्हणाली, "मावशे, दोरानं किती जणांना ओढणार? मला दगडी पूल बांधायचाय. मेरुगिरीचे गवंडी कमान शिकवतात. पण तिकडं वर्षानुवर्षं राहायचं तर खर्च आहे."

"मग राणीच्या रांजणाकडं जा," मावशी म्हणाली. "आणि ताठ मानेनं माग. भीक नव्हे ती. आपलंच आहे ते."

सगुणा राजधानीला गेली. चौथऱ्यापुढे उभी राहून तिने मागणे मांडले.

वक्रनाथाने ते डोळे मिटून ऐकले. "मुली, गरज सांगून होत नाही, दाखवावी लागते. तुझ्या गावाचे दुःख या मडक्यात भरून आण. ही पहिली अट."

सगुणाने मडके गावी नेले. ज्यांची माणसे नदीने नेली होती ते सगळे भोवती बसले. गोजराच्या नवऱ्याला नदीने नेले होते. ती मडक्याकडे बघत राहिली. "माझं रडू मोजून घेणार होय तो?" म्हणाली, आणि रागाने तिच्या डोळ्यांना धार लागली. एकेकाने आपल्या माणसाचे नाव घेतले. मडके काठोकाठ भरले आणि चूल नसताना उकळू लागले. सगुणाने ते राजधानीला नेले. तिचे तळहात भाजले.

वक्रनाथाने वाफेकडे पाहिले. "दुःख पुरेसे आहे. जरा उग्र आहे, पण चालेल. आता पात्रता. या अंगणात चुन्याशिवाय दगडाची कमान उभी कर. ही दुसरी अट."

"कमान येत असती तर शिकायला कशाला मागितले असते?"

"अपात्राला दान देऊन काय उपयोग?" असे म्हणून तो डुलक्या घेऊ लागला.

वक्रनाथ दुपारी झोपला की साळुंक्यांची जीभ त्यांची होत असे. एक साळुंकी पिंजऱ्यातून म्हणाली, "मी गवंड्याचा मुलगा होतो. माझ्या नगरीत पाण्याचा पाट बांधायचा होता. निम्मी विद्या मला येते, ती घे. दगड पाचरीसारखे घड. दोन्हीकडून चढव. मधला दगड शेवटी बसव."

"उरलेली निम्मी?"

"ती शिकायलाच मी आलो होतो."

सगुणाने दगड घडले. कमान उभी केली, ती पडली. पुन्हा उभी केली, पुन्हा पडली, आणि तिच्या करंगळीचा चेंदा झाला. तिने बोटाला फडके गुंडाळले, खाली लाकडाचा आधार दिला आणि तिसऱ्यांदा दगड चढवले. आधार काढला. कमान उभी राहिली.

सगुणाने साळुंकीला विचारले, "तिसरी अट काय आहे?"

"त्याची स्तुती. मीही केली. म्हटले, चार शब्द तर आहेत. खोटे शब्द ओठांबाहेर पडले आणि मला पंख फुटले. इथला प्रत्येक पक्षी तिसऱ्या अटीपर्यंत पोचलेला आहे."

दुसऱ्या दिवशी दरबार भरला. कमान पाहायला राजा स्वतः आला. वक्रनाथ म्हणाला, "आता गुडघे टेक, आणि माझ्या औदार्याचे गुणगान कर. मग रांजण तुझा."

इतक्यात गर्दीतून गोजरा पुढे आली. चिखलाने माखलेली, धापा टाकत. "सगुणे, नदीला पूर आला. मावशीनं दोन लेकरं काठाला लावली. तिसऱ्यासाठी उतरली आणि दोर तुटला. लेकरू सापडलं. मावशी गेली."

सगुणा चौथऱ्याकडे वळली. तिचा आवाज चढला नाही, पण अंगणातल्या साळुंक्या गप्प झाल्या.

"तू आमचे अश्रू मागवलेस. मी आणले. जे शिकायचे होते ते आधीच करून दाखव म्हणालास. दाखवले. मी इथे तुझ्यासाठी दगड चढवत होते, तेव्हा तिकडे माझी मावशी बुडत होती. तुझी स्तुती करू? कशाची? खाली उतर. रांजण उघड. आत काय आहे ते आधी दाखव."

वक्रनाथ हसला. "दाता याचकाकडे उतरत नाही."

"मी याचक नाही. उतर!"

तो हलला नाही. राजा म्हणाला, "दानाध्यक्ष, उतरा." तरीही तो हलला नाही. राजा स्वतः चौथरा चढला आणि त्याने वक्रनाथाच्या मांडीवरची शाल उचलली. गुडघ्यांखाली पाय नव्हते. दगड होता, सिंहासनाच्या दगडात मिसळलेला.

"हे काय आहे?" राजाने विचारले.

वक्रनाथाचा चेहरा पडला. "देणारा आणि घेणारा एकाच जमिनीवर उभे राहून झाकणाला हात लावतील, तरच रांजण उघडेल, अशी राणीची अट होती. असल्या लोकांशेजारी उभा राहणार नाही, अशी शपथ मी घेतली. ती शपथ माझ्या पायांना लागली. मला रांजण कधीच उघडता आला नाही, महाराज."

"आणि हे लोकांना का सांगितले नाहीस?"

"मग मला दानाध्यक्ष कोण म्हणाले असते?"

राजा जयधर शरमेने लाल झाला. त्याने जोडे काढले, चौथरा उतरला आणि सगुणाशेजारी धुळीत उभा राहिला. तिने भाजलेला हात झाकणावर ठेवला. त्याने आपला ठेवला. झाकण सहज उचलले गेले.

पिंजरे फुटले. साळुंक्यांची माणसे झाली. कोणी तारे मोजणारा, कोणी ढोलवादकांचा पुढारी, कोणी बियाणे राखणाऱ्या बायकांची म्होरकी. सिंहासन भुगा होऊन खाली आले आणि वक्रनाथ स्वतःच्या पायांवर लटपटत उभा राहिला. त्याने सगुणापुढे हात जोडले. "क्षमा कर."

"क्षमा माझ्याकडे नाही," सगुणा म्हणाली. "जिच्याकडे होती ती वाहून गेली. नदीवर दगड लागणार आहेत. ते वाहून आण."

राजाने तसाच हुकूम दिला. रांजण अंगणात उघड्यावर आला. राजा अनवाणी त्याच्याशेजारी उभा राहू लागला, आणि ज्याचे त्याला मिळू लागले. सगुणा मेरुगिरीला गेली, उरलेली निम्मी विद्या शिकून आली. घोंगावतीवर पूल उभा राहिला. त्याचे दगड वक्रनाथाने पाठीवरून वाहिले.

पहिल्या दिवशी पोरे पुलावरून पळत पलीकडे गेली आणि पळत परत आली. राजा म्हणाला, "सगुणे, आता तुझा राग शांत झाला असेल."

"नाही, महाराज," ती म्हणाली. "अशा नद्या अजून पुष्कळ आहेत."

तिने हत्यारांची पिशवी खांद्याला लावली आणि ती पुढच्या नदीकडे निघाली.

ऐकणाऱ्याची ओंजळ भरो, सांगणाऱ्याचा राग शाबूत राहो.