पाणघोड्याची सावली

फार वर्षांपूर्वी पश्चिम आफ्रिकेतल्या एका जंगलातली नदी आटली आणि मधोमध वाळूचा पट्टा उघडा पडला. एका चिमुकल्या पक्षिणीने त्या वाळूत अंडी पुरली. ऊन चढलं की ती नदीत पोट भिजवून यायची आणि त्यांच्यावर बसून त्यांना गारवा द्यायची.

एके दुपारी पाणघोडा आला. “ऊठ! ही माझ्या बापजाद्यांची वाट आहे.”

“बापजाद्यांची? गेल्या महिन्यात इथे तुझ्या नाकापर्यंत पाणी होतं!”

“चिरडून टाकीन!” त्याने पाय उचलला.

पक्षीण हलली नाही. त्याची सावली अंड्यांवर पडलेली तिने पाहिली.

“चिरडायचं ते नंतर बघू. मी पोट भिजवून येते. तोवर इथून हललास आणि अंड्यांवर ऊन आलं, तर याद राख!”

ती परत आली तेव्हा पाणघोडा तिथेच उभा होता, तीन पायांवर.