थोरल्याची ओ

एका टेकडीच्या मागे, जिथं जंगल विरळ होत जातं आणि पुढे डांबरी रस्ता लागतो, तिथल्या एका बिळात एक कोल्हीण आपल्या दोन मुलांना घेऊन राहत असे. मुलांनो, ही गोष्ट गोड नाही. पण मध्येच उठून जाऊ नका, शेवटपर्यंत ऐका.

थोरला कोल्हा अंगानं दांडगा होता. सगळ्या टेकडीवर त्याच्यासारखा जबडा कोणाचा नव्हता. अख्खं कवठ तोंडात धरून तो चढण चढायचा आणि वरून खालच्या खडकावर टाकायचा. कवठ फुटलं की गर आधी धाकट्याला. धाकटा अगदी पिल्लू असताना ओढ्याच्या पाण्यात वाहून चालला होता. तेव्हा थोरल्यानं याच जबड्यात त्याची मानगूट धरून त्याला काठावर आणलं होतं. धाकट्याला ते आठवत नव्हतं, पण आईनं इतक्यांदा सांगितलं होतं की आठवतंय असंच त्याला वाटायचं.

कोल्हिणीचे नियम थोडे होते. खाल्लं की ओढ्यावर जाऊन तोंड धुवायचं. ऊन चढलं की सावलीत झोपायचं. आणि दिवस मावळताना तिनं टेकडीवरून हाक मारली की असाल तिथून ओ द्यायची, आधी थोरल्यानं, मग धाकट्यानं. दोन्ही आवाज कानावर आले की ती निर्धास्त शिकारीला जायची. कोल्ह्यांची रीतच तशी आहे. ओ आली म्हणजे मूल सुखरूप आहे. आणि एखाद्या जागेवरून ओ आली नाही, तर तिथं आपलं कोणी नाही.

रस्त्याकडेच्या बाभळीवर एक कावळा राहत असे. गाड्या थांबत त्या टपरीसमोरून तो चमकत्या पुड्या उचलून आणायचा. आत सुपारी आणि तंबाखूची भुकटी असायची. एके दिवशी थोरला ओढ्यातले खेकडे धरून परतत होता, तेव्हा वरून आवाज आला.

"काय पैलवान! अजून आई सांगेल तेच खाता वाटतं?"

"मग काय खायचं?"

"हे घे. तरण्या कोल्ह्यांचं खाणं आहे हे. गालात धरायचं, चघळायचं, थुंकायचं. भूक लागत नाही, दमायला होत नाही. पलीकडच्या रानातले सगळे खातात. आजची पुडी माझ्याकडून. उद्यापासून एक खेकडा ठेवत जा."

"तू खातोस?"

"मी? छे रे बाबा, मला उडायचं असतं."

थोरला खो खो हसला. हसण्यासारखं काय होतं त्यात? कावळ्यानं खरं तेच सांगितलं होतं. पण पैलवान म्हटलं की छाती फुगते, कान बंद होतात.

रोजच्या पुडीनं आधी बोरं तोंडाला झोंबायला लागली. मग पाणीसुद्धा झोंबायला लागलं, म्हणून थोरल्यानं ओढ्यावर तोंड धुणं सोडलं. ऊन चढल्यावर सावलीत झोपायचं सोडून तो बाभळीखाली पुडी चघळत बसू लागला. आई विचारायची, "घास का चिवडतोस रे?" तो म्हणायचा, "दात दुखतोय." आईनं तोंड बघायला जवळ बोलावलं, की तो शेपटी उडवून पळायचा. ती हसायची. तरणा झालाय, लाजतो, असं तिला वाटायचं.

एका सकाळी त्यानं कवठ उचलायला तोंड उघडलं, तर तोंड अर्धंच उघडलं. कवठ दातांवरून घसरलं आणि उतारावरून गडगडत गेलं.

"दादा, म्हातारा झालास की काय!" धाकटा लोळून लोळून हसला. मग त्याला दिसलं की दादा हसत नाहीये. तो जवळ गेला. थोरल्याचे गाल आतून पांढरे पडले होते आणि वाळक्या कातड्यासारखे ताठ झाले होते.

"आईला सांगू?"

"सांगून तर बघ. जन्मात तुझ्याशी बोलणार नाही." धाकट्याचं तोंड एवढंसं झालं, तेव्हा थोरल्यानं त्याला नाकानं ढोसलं. "अरे येड्या, सोडणारच आहे मी. आईच्या जिवाला कशाला घोर? तू कवठं खायची सोडून माझं तोंड बघत बसू नकोस."

धाकट्याला सगळं सोसलं असतं, पण दादाचं न बोलणं सोसलं नसतं. तो गप्प राहिला.

मग थोरल्याची ओ बारीक झाली. तोंडच उघडेना, तर आवाज कुठून येणार? एकदा आईनं टेकडीवरून विचारलं, "थोरल्या, घसा बसला काय रे?" त्या संध्याकाळी तो धाकट्याला म्हणाला, "उद्या माझी ओ तू दे. तुला माझी नक्कल जमते. मला चिडवायला करत होतास ना, तशीच."

धाकट्याला ती खरंच जमायची. आईनं हाक मारली की तो करवंदीच्या जाळीत शिरून, मान वर करून, छाती भरून थोरल्याची ओ द्यायचा. मग वाऱ्यासारखा पळत मोठ्या धोंड्यामागे जायचा आणि तिथून स्वतःची ओ द्यायचा. पहिल्याच दिवशी आई खूश झाली. "थोरल्याचा आवाज आज कसा भरदार आला," असं ती आपल्याशीच म्हणाली. धाकट्यानं ते ऐकलं आणि त्याला फार मोठं काम केल्यासारखं वाटलं.

आता थोरल्याला घरी यायचीही गरज उरली नाही. तो बाभळीखालीच पडून राहू लागला. आई म्हणायची, "बाहेर झोपतो तर झोपू दे. वय झालं त्याचं. ओ देतो ना रोज, झालं तर मग." धाकटा दुपारी त्याच्यासाठी खेकडा ठेचून, मऊ करून घेऊन जायचा. तोही थोरल्याला नीट गिळता यायचा नाही. तो अर्धा खायचा आणि म्हणायचा, "उद्यापासून बंद. शप्पथ."

बाभळीच्या मागे एक पडकी, कोरडी विहीर होती. तिचं तोंड गवतानं झाकलं गेलं होतं. एका दुपारी थोरल्यानं रिकाम्या पोटी दोन पुड्या एकदम गालात भरल्या. त्याला गरगरलं. उठून दोन पावलं टाकली आणि तिसरं गवतावर पडलं. गवताखाली काहीच नव्हतं.

तो मेला नाही. मागचा पाय मोडला. वर गवताआडून आभाळाचा एवढासा तुकडा दिसत होता. त्यानं ओरडायला तोंड उघडलं, पण एक बोर जाईल एवढीच फट पडली आणि तिच्यातून नुसता फुसकारा आला.

दिवस मावळला. टेकडीवरून आईची हाक आली. ती विहिरीच्या तळापर्यंत स्पष्ट ऐकू आली. थोरल्यानं सगळा जीव एकवटला. पण त्याच्या आधी करवंदीच्या जाळीतून त्याची ओ गेली. भरदार, खणखणीत, हुबेहूब. मग धाकट्याची गेली. मग सगळीकडे शांत झालं. आई निर्धास्त शिकारीला गेली.

दुसऱ्या दिवशी धाकटा ठेचलेला खेकडा घेऊन आला. दादा दिसला नाही, म्हणून त्यानं तो बाभळीच्या मुळाशी पानाखाली ठेवला आणि निघून गेला. संध्याकाळी त्यानं पुन्हा दोन ओ दिल्या. त्याच्या पुढच्या दिवशी आला, तर खेकडा तसाच होता. त्याला मुंग्या लागल्या होत्या.

"दादा कुठाय?" त्यानं कावळ्याला विचारलं.

"मला काय ठाऊक? मी काय त्याचा राखणदार आहे? खेकडाही ठेवला नाही त्यानं." विहिरीत काय पडलं ते कावळ्यानं वरून पाहिलं होतं. पण सांगून त्याला काय मिळणार होतं?

धाकटा तसाच धावत बिळात गेला. आईला उठवलं आणि सगळं सांगून टाकलं. पुडी, पांढरे गाल, जाळीतली ओ, सगळं. आईनं त्याला मारलं नाही. ती पळत सुटली.

तिनं ओढा पालथा घातला. प्रत्येक झुडपाशी थांबून ती हाक मारायची, कान टवकारायची आणि पुढे जायची. बाभळीखाली तिनं नाक जमिनीला लावलं. पण तिथं सगळीकडे पुड्यांचाच वास. तिच्या मुलाचा वास त्या वासाखाली केव्हाच बुजला होता. मग ती बाभळीमागच्या गवताच्या कडेला उभी राहिली आणि तिनं हाक मारली.

"थोरल्या! ओ दे रे!"

खाली थोरल्यानं मान उचलली. आई अगदी डोक्यावर होती. त्यानं जबडा ताणला, इतका ताणला की कोपऱ्यातून रक्त आलं. फुस्स झालं, आणखी काही झालं नाही.

"आई, काहीतरी वाजलं," धाकटा म्हणाला आणि गवतात शिरू लागला.

आईनं झटकन त्याची शेपटी धरून त्याला मागे ओढलं. "मागे हो! साप आहे. ऐकू येत नाही फुसकारा?" एक मूल सापडत नव्हतं, दुसरं तिला गमवायचं नव्हतं. तिनं पुन्हा एकदा हाक मारली आणि वाट पाहिली. "इथं नाही तो. असता तर ओ दिली असती." आणि ती धाकट्याला घेऊन रस्त्यापलीकडच्या रानाकडे निघाली.

थोरल्यानं त्यांची पावलं दूर जाताना ऐकली.

पुढे काय झालं ते थोडक्यात सांगतो, कारण लांबवण्यासारखं त्यात काही नाही. ती दोघं रानभर फिरून परत आली, तेव्हा विहिरीवर कावळे घिरट्या घालत होते आणि एकेक करून खाली उतरत होते. तेव्हा आईला कळलं की तिथं साप नव्हता. ती काठावर बसली आणि तिनं हाक मारली. ओ येणार नाही हे तिला ठाऊक होतं, तरी मारली. दिवस मावळेपर्यंत मारत राहिली.

बाभळीवरचा कावळा म्हणाला, "मी फक्त आणून देत होतो. खाणारा तोच." त्याचं काहीही वाईट झालं नाही. गोष्टीत व्हायला हवं होतं, पण झालं नाही. काही दिवसांनी तो पलीकडच्या रानातल्या एका तरण्या कोल्ह्याला पैलवान म्हणू लागला.

आताही दिवस मावळताना कोल्हीण टेकडीवर उभी राहते. पण आता ती लांबून ओ घेत नाही. धाकट्याला समोर बोलावते, त्याला तोंड उघडायला लावते आणि आत नीट बघते. त्याला कवठ उचलून दाखवावं लागतं. तो कुरकुर करत नाही. ओढ्यावर तोंड धुऊन आलेला असतो, पाणी मिशांवरून ठिबकत असतं.

एका संध्याकाळी तोंड बघून झाल्यावर आई तशीच उभी राहिली. मग म्हणाली, "धाकट्या, एकदाच त्याची ओ देतोस का?"

धाकट्याला ती अजून जमत होती. अगदी हुबेहूब जमली असती. त्यानं मान वर केली, छाती भरून घेतली. मग मान खाली घातली.

"नको आई," तो म्हणाला. "तुला खरी वाटेल."

तात्पर्य : जे खाल्लेलं आईला दाखवता येत नाही, ते तोंडात घालू नका, मग देणारा तुम्हाला पैलवान म्हणो नाहीतर राजा. आणि आपल्या भावाला अशी सवय लागलेली दिसली, तर ती झाकू नका, त्याच दिवशी घरात सांगा. तो रुसेल, रुसू द्या. रुसलेला भाऊ आज ना उद्या बोलतो.