तांबड्या झिंग्याचा वास

एका राज्यात बाई, विचित्रच रीत होती. प्रत्येक पेठेचा नगारा वेगळा. आपल्या पेठेचा वाजला तरच माणसं धावायची, दुसऱ्याचा वाजला तर खुशाल कूस बदलायची. एके दिवशी समुद्रापलीकडून आलेल्यांच्या वस्तीला आग लागली. त्यांचा कर्णा वाजत राहिला. राजकन्या तरंगिणीने तो ऐकला. "आपला नव्हे," असं म्हणून ती पुन्हा सोंगट्या खेळू लागली.

वस्तीतल्यांनी जिवाच्या आकांताने तळ्यात उड्या टाकल्या. तळ्यात राहणाऱ्या एका जोगिणीने त्यांना तांबडे झिंगे करून वाचवलं. मग ती राजवाड्यावर अशी काही कोपली, की राजा, राजपुत्र वीरधवल, तरंगिणी, झाडून सारे करडे झिंगे होऊन त्याच पाण्यात पडले.

काठावरचा खंड्या पक्षी बोलला, "राजकन्ये, मरळ मासा तीनदा येईल. जो झिंगा तो चिरडेल त्याचा वास पाण्यात पसरेल. तांबड्याच्या वासाने एक तरी करडा आपणहून बिळात शिरला, तर शाप सुटेल. नाहीतर जन्मभर चिखल."

"एवढंच ना?" तरंगिणी म्हणाली.

एवढंच! बोलायला काय जातं!

पहिल्यांदा मरळाने राजाच्या हुजऱ्याला धरलं. करडे पळाले, तांबडेही पळाले. दुसऱ्यांदा एक तांबडा चिरडला. तांबडे क्षणात गडप! करडे आपले शेवाळ खात राहिले. तरंगिणीलाही वास आला, पण अंग म्हणून हललं नाही. मरळ वळला आणि तिच्या डोळ्यांदेखत तिच्या बापाला गिळून गेला.

तेव्हापासून तिला चैन पडेना. ती दगडाखालून निघे, परत शिरे. स्वतःची किळस येई. आता तिचं म्हणावं असं वीरधवल एवढाच उरला होता.

"दादा, तांबडा मेला तरी पळायचं."

"परक्याचं आपल्याला काय?" वीरधवल म्हणाला.

तिसऱ्यांदा वास आला, तांबड्याचाच. अंग पुन्हा म्हणालं, आपला नव्हे. पण या वेळी तिच्या मनात आलं, कुणाचा तरी असेलच की! कुणीतरी त्याची वाट बघत असेल. तिने शेपटीचा फटका मारला, वीरधवलची नांगी धरली आणि ती उलट्या पावली मागच्या बिळात घुसली. बीळ एका तांबड्या झिंगीचं होतं. झिंगी सरकली, तिने दोघांना जागा दिली. मरळ बाहेरून निघून गेला.

शाप सुटला. कमरेएवढ्या पाण्यात सारे माणसं होऊन उभे राहिले. बिळात जागा देणारी ती झिंगी आता तरंगिणीच्या शेजारी एक परदेशी म्हातारी होऊन उभी होती. ती गर्दीत कुणाला तरी शोधत होती.

"पोरी, माझे धनी दिसतात का गं कुठे? आत्ता मरळ आला तेव्हा ते बिळाबाहेरच होते."

तरंगिणीला रडू कोसळलं. "आजी, तेच गेले. त्यांच्या वासाने आम्ही वाचलो."

वीरधवल गादीवर बसला. जळालेली घरं उभारायला सारा दरबार खपला आणि राज्याची घडी नीट बसली. तरंगिणी मात्र राजवाड्यात परतली नाही. ती त्या म्हातारीच्या घरी राहिली, लेक होऊन.