न हरणारी तलवार

खेळ शाल्मली चालवायची. गुहा, राक्षस, जादूच्या वस्तू ती गोष्टीसारख्या रंगवून सांगायची, बाकीचे आपापला वीर होऊन त्या गोष्टीत शिरायचे, आणि वार लागला की हुकला ते फासे ठरवायचे. खेळ जमायचा नानासाहेब निकमांच्या माडीवर. त्यामुळे नानासाहेबांना हरायची सवय नव्हती.

एका रविवारी वेताळानं त्यांच्या वीराला लोळवलं, तसे ते उसळले. "मला कधीच न हरणारी जादूची तलवार पाहिजे. नाहीतर दुसरी जागा बघा!"

सगळ्यांचे चेहरे पडले. तलवार द्यावी तर खेळ गेला, न द्यावी तर माडी गेली. शाल्मलीनं थोडा विचार केला.

"दिली, नाना," ती म्हणाली आणि त्यांच्यासमोरचे फासे तिनं उचलून घेतले.

"अगं, फासे कुठं नेतेस?"

"ज्याला हरायचंच नाही, त्याला फाशांचं काय काम?"

नानासाहेब मिशीत हसले. राक्षस आला, मेला. दुसरा आला, तोही मेला. मग सुमेधानं आपल्या वीराच्या मोडक्या भाल्यासाठी फासे टाकले, तेव्हा सगळे श्वास रोखून पुढं वाकले. नानासाहेबही वाकले. त्यांची पाळी आली, तेव्हा मात्र कुणी मानही वर केली नाही. एकानं तर चहा ओतून घेतला.

बऱ्याच वेळानं नानासाहेब हळूच म्हणाले, "शाल्मली, या गुहेत एखादी विहीर आहे का गं?"

"आहे ना, चांगली खोल आहे. का?"

"तलवार टाकतो तिच्यात. आण माझे फासे."